कॉलेजात कंपनी येत नाही? फायनान्सच्या नोकरीसाठी या चुका टाळा

सोलापूर, नांदेड, जळगावकडची बी.कॉम., एम.कॉम. झालेली मुलं विचारतात, "दीडशे ठिकाणी अर्ज टाकले, एक फोन नाही. कॉलेजचं नाव आडवं येतं का?" येतं, खोटं कशाला बोलू? मीही सोलापूरचाच. पण गाडी नेमकी कुठे अडते ते आधी बघा. फोनच येत नसेल तर गडबड अर्जात आहे. टेस्टला गळत असाल तर हाताला सवय नाही. मुलाखतीत अडत असाल तर दुखणं तिसरंच. बहुतेक जण तिन्हींवर एकच उतारा काढतात: आणखी एक सर्टिफिकेट.

फक्त 'ॲनालिस्ट' शोधणं

एफपी अँड ए, म्हणजे बजेट आणि अंदाजपत्रकांचं काम, सगळ्यांनाच हवं असतं. तिथे ओळखीच्या कॉलेजांतली मुलं आधीच रांगेत असतात. पुण्यातल्या शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांचं हिशेबाचं काम एका जागी करणाऱ्या ऑफिसात, अकाउंट्स पेएबल (पुरवठादारांची बिलं चुकवणं) किंवा महिनाअखेरच्या क्लोजिंगचं, म्हणजे हिशेब बंद करण्याचं काम करणाऱ्यांची गरज सतत असते. तिथे दोन वर्षं काढा, कंपनीतल्या कंपनीत बदली मागा. त्यानंतर पदवी कुठली, हे फारसं कोणी विचारत नाही.

केलेलं काम लपवणं

एका मुलाने सीएच्या ऑफिसात दोन वर्षं जीएसटीआर-2बी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवरचं विवरण, हिशेबाच्या पुस्तकांशी जुळवलं होतं. सीव्हीत त्याची एक ओळ, तीही तळाला. वर काय, तर करिअर ऑब्जेक्टिव्ह, वडिलांचं नाव आणि 'हार्डवर्किंग'. (हा नमुना कुठल्या सायबर कॅफेतून निघतो देव जाणे, सगळ्यांचा सारखाच असतो.) मामाच्या दुकानाची टॅली सांभाळली असेल तरी लिहा: महिन्याला किती बिलं, किती पार्ट्या, कशाची जुळवणी. सीए इंटर होऊन फायनल राहिली असेल तर लाजू नका, 'सेमी-क्वालिफाइड' लोकांना मागणी आहे.

एक्सेल 'येतं' म्हणणं

टेस्टमध्ये मुद्दाम घाणेरडा डेटा देतात. व्हेंडरच्या नावामागे एक रिकामी जागा असते, व्हीलूकअपला (दुसऱ्या तक्त्यातून माहिती शोधणारा फॉर्म्युला) नाव सापडत नाही आणि मुलगा वीस मिनिटं फॉर्म्युल्यालाच दोष देत बसतो. आधी ट्रिम लावा, तो जादा रिकाम्या जागा काढतो. तारीख सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसली तर ती बहुधा तारीख नाही, मजकूर आहे. जीएसटीचा 18 टक्के हा आकडा फॉर्म्युल्यात कोंबू नका, वेगळ्या सेलमध्ये ठेवा. तपासणारा आधी हेच बघतो.

व्याख्या पाठ करणं

माझ्या पहिल्या मुलाखतीत विचारलं होतं, "कंपनीला नफा आहे, मग बँकेत पैसे का नाहीत?" मी कॅश फ्लोची व्याख्या घडाघडा म्हटली. घरी पत्र आलं नाही.

खरं तर उत्तर आमच्या गल्लीतच होतं. टॉवेलचा कारखाना धरा. मार्चमध्ये 10 लाखांचा माल 90 दिवसांच्या उधारीवर गेला. सूत, मजुरी, वीज यांचे 8 लाख त्याच महिन्यात रोख द्यावे लागले. वहीत नफा 2 लाख, खात्यातून मात्र 8 लाख गेलेले. पैसे येईपर्यंत कारखाना बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज) चालतो. व्याज दहा टक्के धरलं तर तीन महिन्यांचे 20 हजार, म्हणजे नफ्याचा दहावा हिस्सा उधारीनेच खाल्ला. एवढं बोलता आलं की समोरचा पेन खाली ठेवून ऐकतो. इंग्रजी कच्चं असेल तर हेच एक उदाहरण इंग्रजीत दहादा मोठ्याने सांगून बघा. सगळी भाषा सुधारत बसलात तर वर्ष जाईल.

काखेत कळसा, गावाला वळसा

प्रोजेक्टसाठी सगळ्यांना ॲपल आणि टेस्ला हव्या असतात. सोलापूरची बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, जळगावची जैन इरिगेशन शेअर बाजारात आहेत आणि त्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. त्यातल्या टिपांमध्ये येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, किती जुनी आहेत याचा तक्ता असतो. 2021-22 पासून तो सक्तीचा आहे. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवा, जुनी येणी वाढली की घटली ते बघा आणि एका पानात मांडा. ते पान सीव्हीला जोडा.

हेच पान ओळख काढायलाही उपयोगी पडतं. लिंक्डइनवर "सर, एनी व्हेकन्सी?" याला मीही उत्तर देत नाही. "अमुक कंपनीची सहा महिन्यांवरची येणी वाढलेली दिसली, तुम्ही क्लोजिंगला बुडीत येण्यांची तरतूद कशी ठरवता?" असं कोणी विचारलं तर देतो.

नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

आणि एचआरने "पुण्याला कधी येऊ शकाल?" विचारलं की "घरी विचारून सांगतो" म्हणू नका. घरी आधीच विचारून ठेवा आणि तारीख सांगा.