युरोपातील वेगवान रेल्वेने सहल आखताना नकाशा कसा वाचावा : कोल्हापूरकर प्रवाशांसाठी

मे महिन्याच्या सुटीत युरोपला जाण्याची तयारी करणारी कुटुंबे आता कोल्हापुरात बरीच आढळतात. गेली काही वर्षे ओळखीपाळखीच्या अशा अनेकांना मी प्रवासाची आखणी करून देत आलो आहे. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, तो म्हणजे रेल्वेचा पास काढावा की सुटी तिकिटे घ्यावीत. माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. युरोपातील वेगवान रेल्वे हे एकाच हाताने विणलेले जाळे नाही. प्रत्येक देशाने आपल्या सोयीने, वेगवेगळ्या दशकांत आणि वेगवेगळ्या हेतूंनी आपापले मार्ग बांधले आणि सरहद्दीवरची जोडणी पुष्कळ ठिकाणी नंतर झाली, काही ठिकाणी अजून व्हायची आहे. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षण संस्थेनेही २०१८ सालच्या अहवालात या व्यवस्थेचे वर्णन राष्ट्रीय मार्गांची ठिगळे असेच केले होते. म्हणून कोणता मार्ग केव्हा आणि कशासाठी बांधला गेला हे आधी समजून घ्यावे. त्यावरून कोठे दोन तासांत पोहोचता येईल आणि कोठे दिवस मोडेल, याचा अंदाज आपोआप येतो.

प्रथम युरोपचा एक मोठा कागदी नकाशा घ्यावा आणि त्यावर फक्त खास वेगवान गाड्यांसाठी बांधलेले, म्हणजे साधारणपणे ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाचे मार्ग ठळक रंगाने आखून प्रत्येकापुढे सुरू झाल्याचे वर्ष लिहावे. पॅरिस ते लियाँ हे चारशे किलोमीटरहून जास्त अंतर तेथील गाडी सुमारे दोन तासांत कापते, तर आपल्याकडे कोल्हापूर ते पुणे या सव्वातीनशे किलोमीटरांना वंदे भारतलाही पाच तासांहून अधिक वेळ लागतो. हे प्रमाण एकदा मनात बसले, की नकाशावरची अंतरे किलोमीटरऐवजी तासांत दिसू लागतात.

फ्रान्सपासून सुरुवात करणे सोयीचे पडते. पॅरिस–लियाँ मार्गाचा पहिला मोठा टप्पा सप्टेंबर १९८१ मध्ये आणि उरलेला १९८३ मध्ये खुला झाला. जुन्या मार्गावर गाड्यांची इतकी दाटी झाली होती, की नवा मार्ग बांधण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो बांधताना फ्रेंच अभियंत्यांनी दोन निर्णय घेतले आणि पुढचा सारा इतिहास त्यांवर उभा राहिला. पहिला म्हणजे हा मार्ग केवळ प्रवासी गाड्यांसाठी ठेवायचा. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने परतणाऱ्यांना ठाऊक आहे, की खंडाळ्याच्या घाटातील १:३७ चा (सदतीस मीटरला एक मीटर) चढ चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. लियाँच्या मार्गावर जड मालगाड्या न्यायच्या नसल्यामुळे त्याहून तीव्र, म्हणजे हजार मीटरला पस्तीस मीटरपर्यंतचे चढ आहेत. पण गाडी हलकी, इंजिने जोरदार आणि मुळातला वेग मोठा असल्यामुळे ती झोकातच चढ पार करते. त्यामुळे डोंगराळ मुलूख असूनही त्या मार्गावर एकही बोगदा खणावा लागला नाही आणि खर्चही आटोक्यात राहिला. दुसरा निर्णय असा, की रुळांची रुंदी, म्हणजे दोन रुळांमधले अंतर (गेज), जुन्या रुळांइतकीच ठेवायची. शहराजवळ आल्यावर गाडी जुन्या रुळांवरून थेट मध्यवर्ती स्थानकात शिरते आणि नवा मार्ग संपला तरी जुन्या रुळांवरून पुढच्या गावी जाऊ शकते. नकाशावर ठळक रेघ नसलेल्या गावीही टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, थेट जाते, त्याचे कारण हेच. अशी गावे आखणीत धरावीत, मात्र रेघ संपल्यानंतरचा वेग साध्या गाडीचा धरावा.

पुढे २००१ मध्ये नवा मार्ग मार्सेपर्यंत, २०१६ मध्ये स्ट्रासबुर्गपर्यंत आणि २०१७ मध्ये बोर्दोपर्यंत पोहोचला. हे सारे मार्ग पॅरिसमधून निघतात, पण एकाच स्थानकातून निघत नाहीत, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते. लंडन आणि ब्रुसेल्सच्या गाड्या गार द्यु नोर येथून, स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीच्या बहुतेक गाड्या गार द ल'एस्तहून, बोर्दोच्या मोंपार्नासहून, तर लियाँ, मार्से आणि स्वित्झर्लंडच्या गाड्या गार द लियाँहून सुटतात. आमच्या पहिल्या प्रवासात एका सहल आयोजकाने ब्रुसेल्सहून येणारी गाडी आणि जिनिव्हाची गाडी यांच्यामध्ये चाळीस मिनिटे ठेवली होती. कागदावर दोन्ही ठिकाणी ‘पॅरिस’ एवढेच लिहिलेले होते. आईचा हात धरून, तीन बॅगा ओढत आम्ही भुयारी रेल्वेच्या जिन्यांवरून गार द लियाँला पोहोचलो, तेव्हा फलाटावर गाडीचा शेवटचा दिवा तेवढा दिसला. दोन्ही स्थानकांमध्ये उपनगरी गाडीचे अंतर दोनच थांब्यांचे आहे, परंतु सामान, जिने आणि अनोळखी पाट्या यांचा हिशेब धरता पॅरिसमध्ये स्थानक बदलायचे असल्यास दीड तासाहून कमी वेळ ठेवू नये, असे मी तेव्हापासून सर्वांना आग्रहाने सांगतो.

स्पेनची गोष्ट कोल्हापूरकरांना चटकन उमगेल. मिरज स्थानकात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते आणि गेज बदलले की सामान उतरवून दुसऱ्या गाडीत बसावे लागे, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीने अनुभवले आहे. स्पेनचे जुने रूळ १६६८ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजपेक्षा केवळ आठ मिलिमीटरने अरुंद आहेत. शेजारच्या फ्रान्सचे मात्र १४३५ मिलिमीटरचे. सेव्हियातील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने एप्रिल १९९२ मध्ये माद्रिद–सेव्हिया हा ४७१ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, तेव्हा स्पेनने तो फ्रान्सच्या रुंदीचा बांधला. जुन्या जाळ्याशी तुटलेपण पत्करून भविष्यातील सरहद्दीपलीकडच्या जोडणीवर भिस्त ठेवण्याचा तो निर्णय होता. बार्सेलोना २००८ मध्ये जोडले गेले, सरहद्दीवरचा दुवा त्यानंतर पूर्ण झाला आणि डिसेंबर २०१३ पासून पॅरिस–बार्सेलोना थेट गाडी धावू लागली. आज स्पेनचे वेगवान जाळे युरोपात सर्वांत लांब आहे. चाकांमधील अंतर बदलू शकणाऱ्या गाड्या तेथे मंद गतीने एका खास सांगाड्यातून पुढे सरकतात आणि प्रवासी जागेवर बसलेले असतानाच दुसऱ्या गेजवर जातात. मिरजेचा फलाट आठवणाऱ्याने हे मुद्दाम खिडकीशी बसून अनुभवावे.

स्पेनमध्ये आखणी करताना माद्रिद हे मध्य धरावे, कारण मार्ग तेथून चाकाच्या आऱ्यांसारखे निघतात. दोन आऱ्यांच्या टोकांवरची शहरे नकाशावर जवळ दिसली, तरी पुष्कळदा माद्रिदवरून वळसा घेणेच लवकरचे ठरते. तेथील मोठ्या स्थानकांवर वेगवान गाडीत चढण्यापूर्वी सामानाची क्ष-किरण तपासणी होते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचावे.

जर्मनीचे धोरण वेगळे पडले. तेथे एकच मोठी राजधानी नव्हती, मध्यम आकाराची शहरे मात्र पुष्कळ होती आणि मालवाहतूकही महत्त्वाची होती. त्यामुळे १९९१ मध्ये आयसीई या जर्मन वेगवान गाड्या सुरू झाल्या, तेव्हाचे नवे मार्ग मालगाड्यांनाही झेपतील असे कमी चढाचे बांधले गेले आणि त्यापायी बोगदे व पूल वाढले. कोलोन–फ्रँकफुर्ट हा २००२ चा मार्ग त्याला अपवाद आहे. तो फक्त प्रवासी गाड्यांचा असून त्यावर १:२५ पर्यंतचे चढ आहेत. बर्लिन–म्युनिक प्रवास डिसेंबर २०१७ पासून सर्वांत जलद गाडीने चार तासांच्या आत आला. तरीही नव्या मार्गांचे तुकडे जुन्या, गजबजलेल्या रुळांनी जोडलेले असल्याने एका जंक्शनवरचा उशीर पुढे पसरत जातो. म्हणून जर्मनीत गाडी बदलायची असेल, तर वेळापत्रक सुचवते ती सात-आठ मिनिटांची जोडणी स्वीकारू नये, एक गाडी सोडून पुढची धरावी. फ्रँकफुर्टचे मुख्य स्थानक कोल्हापूरसारखेच टर्मिनस असल्याने तेथे गाडी उलट दिशेने निघते; तेव्हा आपण चुकीच्या गाडीत बसलो, असे वाटून घाबरू नये.

इटलीने खरे तर फ्रान्सच्याही आधी काम सुरू केले होते. रोम–फ्लॉरेन्स मार्गाचा पहिला भाग १९७७ मध्येच वापरात आला, परंतु तो पूर्ण व्हायला १९९२ साल उजाडले. मिलान–बोलोन्या आणि बोलोन्या–फ्लॉरेन्स हे दुवे २००८ आणि २००९ मध्ये जुळले. यांपैकी दुसरा दुवा ॲपेनाइन पर्वतातून, जवळजवळ संपूर्ण बोगद्यांतून जातो. एप्रिल २०१२ पासून त्याच रुळांवर सरकारी फ्रेच्चारोसा आणि खासगी इतालो अशा दोन कंपन्यांच्या गाड्या धावतात. स्पर्धेमुळे भाडे बरेचदा स्वस्त मिळते, मात्र एका कंपनीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, हे लक्षात ठेवावे.

स्वित्झर्लंड मला या सर्वांत अधिक शिकवून गेले. त्यांनी कमाल वेगाचा हट्ट धरला नाही. बर्न–झुरिक प्रवास एका तासाच्या आत बसावा, म्हणजे दोन्ही स्थानकांवर सर्व दिशांच्या गाड्या ठरलेल्या मिनिटाला एकत्र येतील, एवढ्यासाठी त्यांनी नवा मार्ग बांधला आणि २००४ मध्ये प्रवास ५६ मिनिटांवर आणला. त्यामुळे तेथे सहा मिनिटांची जोडणीही बिनधास्त धरता येते. गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा २०१६ मध्ये खुला झाल्यापासून झुरिकहून मिलान दुपारच्या जेवणाआधी गाठता येते.

एवढे समजल्यावर मार्ग आखणे सोपे जाते. बारा दिवसांसाठी मी बहुतेकांना पॅरिसला उतरून जिनिव्हा किंवा झुरिक, तेथून मिलान, फ्लॉरेन्स आणि रोम असा दक्षिणेकडे उतरत जाणारा क्रम सुचवतो आणि परतीचे विमान रोमहून घ्यायला सांगतो. यात एकही टप्पा सुमारे चार तासांपेक्षा मोठा नाही आणि पुन्हा पॅरिसला परतण्यात दिवसही जात नाही. लंडन जोडायचे असेल, तर त्यासाठी शेंगेनखेरीज (युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाखेरीज) ब्रिटनचा स्वतंत्र व्हिसा लागतो आणि इंग्लिश खाडीखालून जाणाऱ्या युरोस्टारमध्ये चढण्यापूर्वी दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी होते, म्हणून दीड तास हाताशी ठेवावा. शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. म्हणून मुक्कामांची मोजणी आधी पक्की करावी.

आता पासचा प्रश्न. भारतीयांसाठी युरेल हा अनेक देशांतील रेल्वेवर चालणारा पास असतो, परंतु टीजीव्ही, युरोस्टार, स्पेनची वेगवान गाडी आवे आणि फ्रेच्चारोसा यांसाठी पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे भरावे लागतात. चार-पाच ठरलेले प्रवास असतील, तर विक्री सुरू होताच घेतलेली सुटी तिकिटे सहसा स्वस्त पडतात. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये मनात येईल तसे फिरायचे असेल, तर पास उपयोगी पडतो.

स्थानकावरच्या दोन सवयी मात्र बदलाव्या लागतील. पॅरिसमध्ये फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी साधारण वीस मिनिटेच फलकावर येतो आणि दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात, म्हणून धावत्या गाडीत चढण्याचा विचारही मनात आणू नये. हमालाची अपेक्षा धरू नये. स्वतःला एकट्याने उचलता येईल एवढीच बॅग घ्यावी. घरचे खाणे डब्यात बसून खाण्यास हरकत नसते. भडंग आणि सुकी चटणी खुशाल न्यावी, परंतु युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने पेढे आणि तूप घरीच ठेवावे.

मे महिन्यात जाणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. फ्रान्समध्ये १ आणि ८ मे या सार्वजनिक सुट्या आहेत आणि ॲसेन्शन या ख्रिस्ती सणाची सुटीही बहुधा त्याच महिन्यात येते. त्या दिवसांच्या मागेपुढे पॅरिसहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या लवकर भरतात. त्या तारखा टाळता येत नसतील, तर इतर सर्व तिकिटांच्या आधी त्या टप्प्याचे तिकीट काढावे.