लेसरने चष्मा घालवायचाय? मग हे आधी वाचा

माझा नंबर उणे साडेपाच होता, लेसिक म्हणजे नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणून सांगते. वय 18च्या पुढे आणि नंबर वर्षभर स्थिर असेल तरच विचार करा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीआधी आठवडा-दोन आठवडे बंद, नाहीतर कॉर्नियाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं, माप चुकतं. कॉर्निया पातळ निघाला तर डॉक्टर नाही म्हणतील. तिथे हुज्जत घालू नका.

भुलीसाठी डोळ्यात इंजेक्शन नाही, फक्त थेंब. पापण्या क्लिपने उघड्या धरतात. डोळ्यावर रिंग बसली की जोराचा दाब येतो आणि काही सेकंद सगळं अंधारतं. माणूस घाबरतो तो इथेच, आणि नेमकं हेच कुणी आधी सांगत नाही! मग लेसरची टकटक, केस जळल्यासारखा वास. जळत काही नसतं. दिव्याकडे बघत राहायचं, बस्स.

घरी न्यायला सोबत कुणीतरी हवं. पहिले काही तास डोळे चुरचुरतात, पाणी येतं, झोपून काढा. डोळे चोळायचे नाहीत, झोपताना कवच लावायचं. कोरडेपणा आणि रात्री दिव्यांभोवतीची वलयं काही महिने राहू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे धरूनच चालावं. आणि चाळिशीचा चष्मा? तो बहुतेक लागणारच.