द्राक्षबागेतल्या टोळीकडून मनापासून काम कसे करून घ्यावे

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडे सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: मजुरांची टोळी मिळाली का? पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांना त्या दिवसांत चारी बाजूंनी बोलावणी असतात. म्हणून तयारी गणपतीच्या सुमारासच सुरू करा.

आधी मुकादमाला भेटून दर, दिवस, ने-आण आणि उचल वहीत लिहा. तो कागद टोळी आली की सगळ्यांसमोर वाचून दाखवा. आपला रोज किती ठरला, हे मजुराला मुकादमाकडूनच कळत असेल तर मन कामात कसे लागणार?

मग कोणते काम उक्ते द्यायचे आणि कोणते रोजाने, ते ठरवा. माझ्या मते बहुतेक बागायतदार इथेच चुकतात. छाटणी, फेलफूट म्हणजे नको असलेली फूट काढणे एकरावर उक्ते दिले तरी चालते, कारण काम झाले की नाही ते ओळीतून चालताना दिसते. विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढणे, मात्र उक्ती देऊ नका. उक्त्यात हात पळतो, कात्रीचे टोक मण्याला लागते, घडाच्या आतल्या पाकळ्या, म्हणजे मण्यांचे छोटे झुपके, तशाच राहतात. घडात मणी जास्त राहिले की फुगवण मिळत नाही, आणि निर्यातीला साधारण 16 ते 18 मिलीमीटरचा मणी लागतो. विरळणीला चांगला रोज द्या, ओळ तपासून स्वच्छ निघाली की वर बक्षीस द्या. ते बक्षीस त्याच संध्याकाळी हातात पडले पाहिजे.

"नीट करा" एवढे सांगून भागत नाही. पहिल्या सकाळी एका वेलीवरचे दोन-तीन घड स्वतः विरळून त्यांना रंगीत फीत बांधा. शंका आली की बाया तिथे येऊन बघतील.

छाटणीनंतर फूट एकसारखी निघावी म्हणून काडीला पेस्ट लावतात, त्या दिवशी जास्त जपा. तिच्यातल्या हायड्रोजन सायनामाइडने कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते. हातमोजे, चष्मा आपणच आणायचे, मजुरांच्या पैशातून नव्हे. शिवाय या औषधाबरोबर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. आदल्या दिवसापासून नंतरचे काही दिवस दारू नको, आणि ती का नको, हे कारणासकट सांगा. समजावून सांगितले की माणसे ऐकतात.

विरळणीत बायांचा हात सगळ्यात बारीक चालतो, तरी कित्येक ठिकाणी त्यांचा रोज पुरुषांपेक्षा कमी असतो. समान कामाला समान वेतन हा नियम कायद्यात 1976 पासून आहे. तो पाळा, आणि पैसे ज्या बाईने काम केले तिच्याच हातात द्या.

सावलीला ताडपत्री, प्यायला गार पाणी, लहान मुलांना बसायला जागा: याला खर्च थोडा लागतो.

हिशेब आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी चुकता करा. टोळी परत निघायच्या दिवशी एप्रिलच्या खरड छाटणीची तारीखही तिथेच बोलून घ्या.