चिंचोके, करवंट्या आणि शिकणारे यंत्र

मेंदूच्या धर्तीवर घडवलेल्या चिपांविषयी वाचताना ‘यंत्र खरोखर शिकते का?’ हा प्रश्न बहुतेकांना पडतो. त्यावर वाद घालण्यापूर्वी एखादे शिकणारे यंत्र स्वतःच्या हातांनी चालवून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी वीज लागत नाही आणि संगणकही लागत नाही. वैशाखात घरात हापूसची आढी लागलेली असते, तेव्हा तीन करवंट्या, मूठभर चिंचोके, एक सुरी आणि आढीतले आठ-दहा आंबे एवढे साहित्य कोकणातल्या बहुतेक घरांत सहज सापडते. यंत्राने शिकायचे ते इतकेच, की हातातला आंबा आज खाण्याजोगा झाला आहे की नाही.

करवंट्या पडवीत ओळीने मांडाव्यात आणि प्रत्येकीपुढे जमिनीवर खडूने अनुक्रमे ‘रंग’, ‘वास’ आणि ‘मऊ’ असे लिहावे. प्रत्येकीत तीन-तीन चिंचोके घालावेत. आंबा पिवळा झाला आहे का, देठाजवळ त्याला वास सुटला आहे का आणि अंगठ्याखाली तो किंचित दबतो का, हे पाहावे. जी खूण दिसेल तिच्या करवंटीतले चिंचोके मोजावेत आणि बाकीच्या करवंट्या सोडून द्याव्यात. बेरीज सहा किंवा अधिक झाली तर यंत्राचे उत्तर ‘तयार’, कमी भरली तर ‘नाही’. सहा हा या यंत्राचा उंबरठा. मग आंबा कापून चाखावा. उत्तर बरोबर असेल तर कशालाही हात लावू नये. यंत्राने ‘तयार’ म्हटले आणि आंबा आंबट निघाला, तर मोजलेल्या प्रत्येक करवंटीतून एक चिंचोका काढावा. ‘नाही’ म्हटले आणि आंबा गोड निघाला, तर त्याच करवंट्यांत एकेक घालावा. जी मोजलीच नाही तिला शिवू नये, कारण त्या चुकीत तिचा वाटा नव्हता.

आमच्या पडवीत पहिला आंबा पिवळा आणि मऊ होता, पण त्याला वास नव्हता. बेरीज सहा झाली, यंत्राने ‘तयार’ म्हटले आणि फोड तोंडात घालताच दात आंबले. रंग आणि मऊ यांत दोन-दोन चिंचोके उरले. दुसरा आंबा अजून हिरवट, पण वासाचा आणि मऊ. बेरीज पाच, म्हणून उत्तर ‘नाही’, आणि आंबा निघाला गोड. वासात चार झाले, मऊमध्ये तीन. तिसरा पिवळा आणि वासाचा असूनही टणक होता. बेरीज सहा भरली आणि यंत्र पुन्हा चुकले, तेव्हा रंगात एक व वासात तीन राहिले. चौथा पुन्हा हिरवट, वासाचा आणि मऊ. या वेळी बेरीज सहा आली आणि उत्तर बरोबर ठरले. एक, तीन, तीन या मांडणीवर पुढचे सगळे आंबे यंत्राने अचूक ओळखले. केवळ रंगावर भुलू नये, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. तीन चुकांमधून ते चिंचोक्यांत उतरले होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रँक रोझेनब्लॅट यांनी १९५८ मध्ये ‘पर्सेप्ट्रॉन’ या नावाने मांडलेले तत्त्व हेच आहे. त्यांच्या ‘मार्क वन’ यंत्राला ४०० प्रकाशसंवेदी घटांचा डोळा होता आणि चिंचोके हलवण्याचे काम विजेच्या मोटरी करीत. आजच्या अवाढव्य कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्यांतही चुकीनुसार भार, म्हणजे करवंटीतले चिंचोके, कमी-जास्त करणे हाच गाभा आहे, फक्त चूक मागच्या थरांपर्यंत, म्हणजे करवंट्यांच्या मागच्या ओळींपर्यंत, पोहोचवण्याचे गणित अधिक बारीक आहे.

आता चिपकडे वळू. सगळे चिंचोके आतल्या कोठीच्या खोलीत ठेवावेत, मोजणी मात्र पडवीतच करावी, आणि प्रत्येक आंब्यासाठी आत जाऊन लागतील तेवढे चिंचोके आणावेत व परत नेऊन ठेवावेत. दहा आंब्यांत पाय दुखू लागतात. नेहमीच्या संगणकात स्मृती आणि गणना अशा वेगळ्या खोल्यांत असतात, आणि त्याची बरीचशी ऊर्जा या येरझाऱ्यांतच जाते. मेंदूत तसे नाही. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींचा हा अवयव जेमतेम २० वॅटवर चालतो. हे पाहूनच अमेरिकी अभियंते कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात न्यूरोमॉर्फिक, म्हणजे मेंदूच्या घडणीच्या, चिपांची कल्पना पुढे आणली. त्यांत चिंचोके करवंटीतच राहतात आणि मोजणी तिथल्या तिथे होते.

या चिपांचा दुसरा गुण समजण्यासाठी पावसाची वाट पाहावी लागेल. एका करवंटीच्या तळाला बारीक भोक पाडून ती पागोळीखाली धरावी. थेंब सावकाश पडत असतील तर पाणी झिरपून जाते आणि करवंटी कधीच भरत नाही. सर जोराची आली की ती काठोकाठ भरते. भरली की उलटी करून रिकामी करावी आणि भिंतीवर एक रेघ मारावी. ती रेघ म्हणजे चेतापेशीचा ठोका, ज्याला या क्षेत्रात स्पाइक म्हणतात. पागोळी थांबली की करवंटीचे कामही थांबते. आयबीएमच्या २०१४ च्या ट्रूनॉर्थ चिपवर अशा दहा लाख कृत्रिम चेतापेशी आणि २५.६ कोटी जोडण्या होत्या, आणि तिला सुमारे ७० मिलिवॅट एवढीच वीज पुरत असे. मात्र ती स्वतः शिकत नसे. भार दुसऱ्या संगणकावर ठरवून तिच्यात भरावे लागत. इंटेलच्या २०१७ च्या लोइही चिपमध्ये ठोक्यांच्या वेळा पाहून जोडण्यांचे भार चिपवरच बदलण्याची सोय आली. म्हणून ‘मेंदूसारखी चिप’ असे वाचले की ती शिकते असे गृहीत धरू नये. तिचे चिंचोके कोण हलवतो, हे आधी विचारावे.

या यंत्राला काय शिकता येत नाही, हेही करून पाहावे. होडीत डाव्या किंवा उजव्या अशा एकाच बाजूने वल्हे मारले तर ती वळते. दोन्ही बाजूंनी सारखे मारले तर सरळ जाते. ‘डावे’ आणि ‘उजवे’ अशा दोनच करवंट्या घेऊन ‘होडी वळेल का?’ हे शिकवू लागलात, तर एकट्या डाव्यात सहा हवेत, एकट्या उजव्यातही सहा हवेत, आणि मग दोघींची बेरीज बारा होते, जी सहाच्या खाली यायला हवी. कितीही चुका केल्या तरी हे जमणार नाही. मार्विन मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट या संगणकशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये एका थराच्या यंत्राची हीच मर्यादा सिद्ध केली. मध्ये करवंट्यांची आणखी एक ओळ मांडली की हा अडसर दूर होतो.

खऱ्या शिकण्याची कसोटी मला मात्र आमच्या पडवीत वेगळ्याच जागी सापडली. शेजारी बसलेल्या माझ्या पुतणीने एक आंबा उचलला, देठाशी बोट लावले आणि म्हणाली, “काका, याला अजून चीक आहे, हा नको.” तिने चौथी करवंटी मांडली होती. माझे यंत्र हजार आंबे चाखूनही ती मांडू शकले नसते, कारण खुणा मी ठरवल्या होत्या आणि चूक-बरोबरही मीच सांगत होतो. अनेक थरांची जाळी छायाचित्रांतून स्वतः खुणा शोधतात, हे खरे आहे आणि ते थोडे नाही. परंतु छायाचित्रात वास येत नाही, आणि आंबा गोड हवा ही इच्छाही बाहेरूनच दिलेली असते. यंत्र शिकते, असे मी म्हणतो. ते काय शिकावे हे अजून माणूस ठरवतो, असेही म्हणतो.

शेवटची चाचणी पायरीची. तिच्या खुणा हापूससारख्या जुळत नसल्याने चिंचोके पुन्हा हलू लागतील. पायरी नीट ओळखू आली की हापूसचे आंबे परत समोर ठेवावेत आणि जुने शिक्षण किती टिकले ते पाहावे. नवे शिकताना जुने पुसले जाणे हा मोठ्या जाळ्यांचाही पक्का दोष आहे. म्हणून पायरी हातात घेण्यापूर्वी तिन्ही करवंट्यांतली संख्या कागदावर लिहून ठेवावी.