स्टॉकटन स्ट्रीटवर खरेदीला जाण्याआधी

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये सामान आणायला जायचं तर आधी पदार्थ ठरवा, यादी त्यातून निघेल. नुसतं 'चायनीज सामान' म्हणून गेलात, तर सोया सॉसच्या फळीपुढेच अर्धा तास जाईल. पहिल्या खेपेला मापो तोफू आणि कुंग पाओ एवढंच धरा. सेचुआन या चिनी प्रांताच्या स्वयंपाकाचं बहुतेक मुख्य सामान त्यात येतं. आपल्या गाडीवरच्या 'शेजवान'ची चव मात्र विसरून जा, ती इथे मिळणार नाही.

यादीत सर्वांत वर डोबानजियांग, म्हणजे मिरची आणि फावा बीन आंबवून केलेलं तिखट. चेंगडूजवळच्या पीश्यानचं बघा. मिरची, फावा बीन, मीठ, गव्हाचं पीठ एवढेच घटक असतील तर डोळे झाकून घ्या. रंग जितका गडद तपकिरी, तितकं ते साधारणपणे जुनं, मुरलेलं. ते भयंकर खारट असतं, म्हणून भाजीत वरून मीठ घालायची सवय त्या दिवशी आवरा.

सेचुआन मिरी ही आपल्या तिरफळाच्याच कुळातली. कोकणातल्या घरांना जीभ झिणझिणणं काय ते सांगायला नको. निवडायची रीतही तीच: साल उमललेली हवी, आतल्या काळ्या बिया कमीत कमी, कारण त्या दाताखाली कचकचतात. लिंबूवर्गीय झाडांना होणाऱ्या कँकर रोगाच्या भीतीने अमेरिकेत तिच्या आयातीवर 2005 पर्यंत बंदी होती. वास लवकर उडतो, तेव्हा सर्वांत लहान पुडी पुरे.

सोया सॉस दोन लागतात: लाइट खारटपणासाठी, डार्क रंगासाठी. लाइट म्हणजे कमी मिठाचा नव्हे. काळं व्हिनेगर चिनकियांग या चिनी गावाचं, चिकट तांदळाचं. पांढरं व्हिनेगर त्याची जागा घेत नाही. शाओशिंग ही तांदळाची वाइन. स्वयंपाकासाठी म्हणून जी बाटली मिळते, तिच्यात मीठ घातलेलं असतं. बिनमिठाची हवी तर दारूच्या फळीवर शोधा आणि वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा. आंबवलेले काळे सोयाबीन, म्हणजे डोउची, आठवणीने घ्या. घरात कोणी शाकाहारी असेल तर ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचा सॉस घ्या. झणझणीत मिरची-तेलाच्या बरण्यांवरचे घटकही वाचा. काहींत सुकी कोळंबी असते, काहींत चिकन.

उच्चारांवर विसंबू नका. या भागात कँटनीज बोलणारे पुष्कळ, आणि आपली पाठ केलेली मँडरिन नावं आधीच धड नसतात. प्रत्येक वस्तूचं चिनी लिपीतलं नाव आणि बाटलीचा फोटो फोनमध्ये ठेवून दाखवा. थोडी रोख रक्कम आणि घरच्या कापडी पिशव्या न्या. शहरात दुकानातल्या पिशवीला 25 सेंट पडतात.

ग्रँट अव्हेन्यूवर कंदील आणि भेटवस्तू आहेत, फोटो तिथे काढा. भाजी-किराणा स्टॉकटन स्ट्रीटवर. गाडी शक्यतो नकोच, पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. बार्टने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने, पॉवेलला उतरा, तिथून भुयारी टी लाइनने पुढचंच स्टेशन चायनाटाउन–रोझ पाक. सकाळी लवकर पोचलात तर भाजी ताजी आणि आज्जीबाईंच्या ट्रॉल्यांची गर्दी जरा कमी. चिनी नववर्षाच्या आधीचा आठवडा तर टाळाच, अर्थात गर्दीचीच हौस असेल तर गोष्ट वेगळी.

आधी बाटल्या घ्या आणि पिशवीच्या तळाला बसवा. मऊ तोफू, गाय लान (चिनी ब्रोकोली) आणि लसणीची पात निघता निघता. मापोला घट्ट तोफू नको. पॅक केलेला तोफू थंड फळीवरचा असेल तर बर्फाची छोटी पिशवी सोबत असू द्या. सॅन होजेपर्यंत परत जायचं असेल तर नक्कीच.