गळाची गाठ आणि बोटांची काळजी

नाशिकजवळच्या गंगापूर धरणाच्या काठावर किंवा दारणा नदीवर गळ टाकून बसणाऱ्यांचा मोठा मासा अनेकदा गाठीतच सुटतो. नायलॉनचा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, गुळगुळीत असतो, त्यावर साधी गाठ सरकते.

तंगूस गळाच्या नेढ्यातून ओवा. मोकळं टोक मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. मग ते टोक नेढ्याजवळच्या छोट्या फटीतून घाला आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फाशातूनही काढा. आवळण्याआधी गाठ पाण्याने भिजवा. हे अजिबात टाळू नका. कोरडा नायलॉन घर्षणाने तापतो आणि नेमका तिथेच कमकुवत होतो. सावकाश ओढा, वेढे एकाशेजारी एक बसू द्या. एकावर एक चढले तर कापून नव्याने बांधा. उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा. ताण तपासताना गळ पकडीत धरा, हातात नको.

पोरं सोबत असतील तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाकाच. मासा थोडा जास्त निसटेल, पण बोटात रुतलेला गळ सहज निघेल. काटा शाबूत असताना खोल रुतला तर उपटू नका, दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. डोळ्याजवळ लागला तर हातही लावू नका.

तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, पाणपक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.