पनीरचं पाणी गोठवून दाट कसं करावं

पनीर किंवा चक्का घरी केला की खाली उरलेली निवळी बहुतेक घरांत मोरीत जाते. १ लिटर दुधामागे ती पाऊण लिटरच्या आसपास निघते. तिच्यात ९३-९४ टक्के पाणीच असतं, म्हणून कढीत तशीच घातली तर कढी पांचट लागते. आटवायला गॅस फार जातो. मी गोठवते.

निवळी गार झाली की फडक्यातून गाळा, प्लास्टिकच्या डब्यात तीन बोटं जागा सोडून भरा आणि दगडासारखी होईपर्यंत फ्रीझरला ठेवा. काचेची बरणी नको, तडकते.

खरं काम वितळवताना आहे. ‘अर्धवट गोठली की वरचा बर्फ काढून टाका’ असं सर्रास सांगतात, ते ऐकू नका. बर्फ डब्याच्या कडेकडून आत धरत जातो, त्यात निवळीही अडकते, ती तुम्ही फेकून देता. पूर्ण गोठवा. साखर आणि क्षार जिथे साठलेत तो भाग वितळताना आधी सुटतो, निव्वळ पाण्याचा बर्फ मागे राहतो.

पण घाई चालत नाही. मी सुरुवातीला मे महिन्यात गोळा चाळणीत घालून ओट्यावर ठेवला आणि बाजारात गेले. परत येईपर्यंत सगळा वितळून पातेल्यात होती तीच पातळ निवळी. आता चाळणी, खाली पातेलं, वर ताट, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. पहिले थेंब हिरवट पिवळे, चांगले आंबट-खारट असतात. अधूनमधून चमच्यावर घेऊन चाखा. गोळा तुरटीच्या खड्यासारखा पांढरा दिसायला लागला आणि थेंब पाण्यासारखे लागले की पातेलं काढून घ्या. २ लिटरमागे साधारण ६००-७०० मिली मिळायला हवं. आणखी थोडं मिळेल म्हणून थांबलात तर दाटपणा गेलाच.

तेच पुन्हा गोठवून अजून दाट करायचा हट्टही नको. दुधातली साखर गार पाण्यात फारशी विरघळत नाही, तळाशी रवाळ कण बसतात.

उरलेल्या बर्फाचं पाणी भाताला वापरा. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, तेव्हा दाट निवळी दोन दिवसांत संपवा, नाहीतर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून ठेवा. कढीला दोन-तीन खडे पुरतात. मीठ मात्र ते विरघळल्यावर, चव बघूनच घाला.